मेल नेमका राहतो कुठे? संगणकावरच्या मेल प्रोग्रॅमची तोंडओळख

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये सध्या एकच विषय आहे, पुनर्विकास. आणि पुनर्विकास म्हणजे कागद. बिल्डरचा प्रस्ताव, आर्किटेक्टचे नकाशे, वकिलांचे शेरे, सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या सभेची सूचना, सभासदांच्या हरकती, उपनिबंधक कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार. हे सगळं आता मेलवर येतं. येतं कुठे, तर सोसायटीच्या नावानं पूर्वी कुणीतरी उघडून ठेवलेल्या जीमेलच्या खात्यावर. ते खातं सेक्रेटरींच्या फोनवर असतं, अध्यक्षांच्या फोनवर असतं आणि खजिनदारांच्या मुलाच्या लॅपटॉपवरही असतं. मग एक दिवस जागा संपल्याची पट्टी दिसते, कुणीतरी उत्साहानं जुने जड मेल उडवतं, आणि पुढे कधीतरी बिल्डरनं सुरुवातीला नेमका किती कार्पेट एरिया देऊ केला होता हे शोधायला जावं तर तो मेल कुठेच सापडत नाही. 'पण मी माझ्या फोनवरून काढला होता, सोसायटीच्या थोडाच!' हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकायला मिळतं.

त्या वाक्यातच सगळा गोंधळ आहे. आपला मेल राहतो कुठे, हे बहुतेकांना माहीत नसतं. फोनवर दिसतो म्हणून तो फोनमध्ये आहे असं वाटतं, ब्राउझरमध्ये दिसतो म्हणून 'इंटरनेटवर' कुठेतरी आहे असं वाटतं. संगणकावर मेलचा स्वतंत्र प्रोग्रॅम बसवायचा असेल तर आधी हे समजून घ्यावं. एकदा ते समजलं की उरलेली बटणं आपोआप कळतात. ते न समजता बटणं पाठ केली तर कधी ना कधी चुकीचं बटण दाबलं जातं.

मुळात असा प्रोग्रॅम हवा कशाला? ज्याला दिवसाला दोन ओटीपी आणि विजेचं बिल एवढंच येतं त्याला नकोच. फोन पुरे. पण ज्याच्याकडे दोन-तीन खाती आहेत (स्वतःचं, सोसायटीचं, धंद्याचं), ज्याला जुना पत्रव्यवहार वर्षानुवर्षं जपायचा आहे, किंवा ज्याला इंटरनेट नसतानाही मेल वाचता यायला हवा, त्याच्यासाठी ब्राउझर अपुरा पडतो. मेलचा प्रोग्रॅम ही सगळी खाती एका खिडकीत आणतो आणि, सगळ्यात महत्त्वाचं, मेलची एक प्रत तुमच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवतो. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि तीही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. ती भरली की मेल येणं थांबू शकतं. शिवाय दोन वर्षं कुणी हातच लावला नाही तर खातं काढून टाकण्याचा अधिकार गूगलनं डिसेंबर २०२३ पासून स्वतःकडे ठेवला आहे. सोसायटीचं दप्तर एवढ्या भरवशावर ठेवू नये.

दोन पद्धती, आणि त्यांतला फरक

मेल आणण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीचं नाव पॉप (POP), दुसरीचं आयमॅप (IMAP). प्रोग्रॅम बसवताना हा प्रश्न एकदाच विचारला जातो, आणि लोक पुढे जायच्या घाईत काहीतरी निवडून मोकळे होतात.

पॉप ही डायल-अपच्या काळाला साजेशी पद्धत. व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा फोनची लाइन अडायची आणि जोडणीचा वेळ म्हणजे पैसे. जोडणी करा, सर्व्हरवर (म्हणजे मेल सेवा देणाऱ्याच्या संगणकावर) जमलेले मेल उतरवून घ्या, फोन ठेवा आणि मग निवांत वाचत बसा, अशी ती रीत होती. मेल उतरवला की सर्व्हरवरची प्रत काढून टाकली जायची, कारण सर्व्हरवरही जागा कमीच. मेल तुमच्या संगणकावर आला, विषय संपला.

आयमॅपचा जन्म १९८६ सालचा. स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी ती आखली. हिच्यात मूळ प्रत सर्व्हरवरच राहते आणि तुमच्या संगणकावर दिसते ती तिची हुबेहूब नक्कल. नवरा-बायकोचं बँकेत जॉइंट अकाउंट असतं तसं. त्यानं डेक्कनच्या एटीएममधून पैसे काढले की घरी बसलेल्या तिच्या फोनवरही शिल्लक कमी झालेली दिसते, कारण खातं एकच आहे. आयमॅपमध्ये तुम्ही लॅपटॉपवर मेल वाचला की फोनवरही तो वाचलेला दिसतो, लॅपटॉपवर फोल्डर केला की फोनवरही तो उमटतो, आणि लॅपटॉपवर मेल उडवला की तो सगळीकडून उडतो. 'माझ्या फोनवरून काढला होता' या वाक्याला आयमॅपमध्ये अर्थच नाही. पॉपमध्ये मात्र पैसे काढून कपाटात आणून ठेवलेले असतात. बँकेत त्यांची नोंद उरत नाही आणि कपाटाची काळजी तुमची तुम्ही घ्यायची.

आज जवळजवळ सगळ्यांनी आयमॅपच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पॉपला आज एकच रास्त जागा उरली आहे. भोसरी-चिंचवडकडे छोट्या वर्कशॉपवाल्यांचे स्वतःच्या डोमेनचे (पत्त्यात @ नंतर धंद्याचं नाव असलेले) मेल असतात, वेबसाइटवाल्यानं होस्टिंगबरोबर दिलेले. तिथे एकेका खात्याला जागा तुटपुंजी असते. ड्रॉइंगच्या फायली येऊन ती भरते, मग ग्राहकाचे मेल परत जायला लागतात. अशा ठिकाणी ऑफिसातल्या एकाच संगणकावर पॉपनं मेल उतरवून सर्व्हर रिकामा ठेवण्यात शहाणपणा आहे. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पॉपमध्ये तुम्ही पाठवलेले मेल सर्व्हरवर जातच नाहीत, ते ज्या संगणकावरून पाठवले तिथेच राहतात. म्हणजे संगणक गेला की दिलेली कोटेशनंही गेली. आणि 'सर्व्हरवर मेल राहू द्या' या खुणेच्या खाली 'जास्तीत जास्त इतके दिवस' अशी आणखी एक खूण असते. ती न वाचता सोडली तर तेवढे दिवस झाल्यावर सर्व्हर गुपचूप रिकामा होत राहतो.

मेल पाठवण्याचं काम या दोन्हींपैकी कुणाचंच नाही. ते तिसरी व्यवस्था करते, एसएमटीपी. ती १९८२ सालची, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेली. म्हणून कधीकधी मेल येत असतात पण जात नाहीत, किंवा जातात पण येत नाहीत. दोन्ही रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे बिघाडही वेगवेगळा शोधावा लागतो.

कोणता प्रोग्रॅम

मी थंडरबर्ड सुचवतो. मोझिलाच्या घरातला, फुकट, देणग्यांवर चालणारा. पहिली आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, म्हणजे जीमेल आलं त्याच वर्षी. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर तो चालतो. मॅकवाल्यांकडे अॅपलचा मेल आधीच असतो आणि तो उत्तम आहे, त्यांनी मुद्दाम बदलायची गरज नाही. विंडोजमध्ये पूर्वी 'मेल' नावाचा छोटा प्रोग्रॅम असायचा. त्याची सोय मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या अखेरीस थांबवली आणि सगळ्यांना नव्या आउटलुककडे वळवलं. नव्या आउटलुकबद्दल एक गोष्ट माहीत असावी. त्यात जीमेलचं खातं जोडलं की तुमच्या मेलची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. जोडताना तसं लिहून परवानगी मागितलेली असते, पण वाचतो कोण! आपला मेल कमीत कमी ठिकाणी असावा असं ज्याला वाटतं त्यानं याचा विचार करावा. थंडरबर्ड मात्र तुमचा संगणक आणि तुमचा मेल सर्व्हर यांच्यामध्ये तिसऱ्या कुणाला आणत नाही.

प्रोग्रॅम उतरवायचा तो थंडरबर्ड डॉट नेट या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच. गूगलवर शोधलं की वर जाहिराती दिसतात, त्यांवर टिचकी मारू नये.

खातं जोडताना

प्रोग्रॅम उघडल्यावर तो तीन गोष्टी विचारतो: नाव, मेलचा पत्ता आणि लागला तर पासवर्ड. नावाच्या जागी जे लिहाल तेच समोरच्याला दिसतं, तेव्हा सोसायटीच्या खात्याला सोसायटीचंच नाव द्या. 'बाबा नवीन' या नावानं बिल्डरला नोटीस गेली तर ती गंभीरपणे कुणी घेणार नाही.

पत्ता दिला की थंडरबर्ड त्या पत्त्याचा सर्व्हर कोणता, दार कोणतं, कुलूप कोणतं हे स्वतःच्या यादीतून शोधून आणतो. जीमेल, याहू, आउटलुकसारख्या मोठ्या सेवांसाठी काहीही भरावं लागत नाही. स्वतःच्या डोमेनचं खातं असेल तर मात्र कधीकधी हातानं भरायची वेळ येते. तेव्हा हे आकडे कामी येतात: आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. या आकड्यांना पोर्ट म्हणतात. ९९३, ९९५ आणि ४६५ वर पहिल्या क्षणापासून संवाद कुलूपबंद असतो आणि तिथे 'एसएसएल/टीएलएस' निवडायचं. ५८७ वर आधी संपर्क होतो आणि मग कुलूप लागतं, म्हणून तिथे 'स्टार्टटीएलएस'. सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्याकडूनच घ्यावं, अंदाजानं लिहू नये.

जीमेलचं खातं असेल तर पुढच्या पायरीवर लोक बिचकतात. प्रोग्रॅममध्येच गूगलची साइन-इनची खिडकी उघडते आणि तिथे पासवर्ड मागितला जातो. हे फसवणुकीसारखं वाटतं, पण आता हीच खरी रीत आहे. पूर्वी आपण पासवर्ड थेट मेल प्रोग्रॅमला द्यायचो आणि तो जपून ठेवायचा. गूगलनं साध्या खात्यांसाठी ती वाट २०२२ मध्ये बंद केली. आता पासवर्ड गूगलच्या पानावर दिला जातो आणि गूगल थंडरबर्डला एक परवाना देतं: याला मेल वाचू द्या, पाठवू द्या. पासवर्ड थंडरबर्डकडे राहतच नाही. याचा फायदा पुढे कळतो. लॅपटॉप चोरीला गेला तर फोनवरून गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन तेवढा एक परवाना रद्द करता येतो. याहूलाही अशीच रीत आहे. एखादा जुना प्रोग्रॅम ही खिडकी दाखवू शकत नसेल तर गूगलकडून सोळा अक्षरांचा 'अॅप पासवर्ड' काढून तो द्यावा लागतो, आणि त्यासाठी खात्याला आधी दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असावी लागते.

इथे सोसायट्यांची खरी गाडी अडते. पडताळणीचा कोड कुणाच्या फोनवर जातो? पुष्कळदा तो जातो दोन कमिट्यांपूर्वीच्या सेक्रेटरींच्या नंबरवर, आणि ते आता बाणेरला मुलाकडे राहायला गेलेले असतात. सकाळी त्यांना फोन करून 'काका, कोड आला का?' विचारण्याआधी खात्याचा नंबर बदलून घेणं हे पहिलं काम. प्रोग्रॅम नंतर.

मेल उतरायला लागल्यावर

पहिल्यांदा थंडरबर्ड लावल्यावर तो सगळं खातं संगणकावर उतरवायला घेतो. दहा-बारा जीबीचं खातं असेल तर बराच वेळ जातो. ही प्रत संगणकावर ठेवायची की नाही आणि किती जुन्यापर्यंतची, हे खात्याच्या सेटिंगमध्ये 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' या पानावर ठरवता येतं. लॅपटॉपची डिस्क लहान असेल तर शेवटच्या काही महिन्यांचेच मेल ठेवा. जुन्यांची फक्त नावं दिसतील आणि उघडल्यावर ते येतील.

जीमेलमध्ये एक गंमत आहे. जीमेलला खऱ्या अर्थानं फोल्डर नाहीतच, लेबलं आहेत. एकाच मेलला 'बिल्डर' आणि 'कायदेशीर' अशी दोन लेबलं लावता येतात. आयमॅपला लेबल ही कल्पना माहीत नाही, त्यामुळे थंडरबर्डमध्ये तो एकच मेल दोन फोल्डरांत दिसतो, आणि वर 'ऑल मेल' नावाच्या फोल्डरात तिसऱ्यांदा. यात दोन धोके आहेत. एक, जागा जास्त खाल्ली जाते. दोन, 'हा दुबार आलाय' म्हणून कुणीतरी एक काढतं. 'ऑल मेल' उतरवायचं नसेल तर खात्यावर उजवी टिचकी मारून 'सबस्क्राइब' उघडा आणि त्याची खूण काढा. आणि दुबार दिसणारा मेल काढताना दोनदा विचार करा, कारण तो बहुधा दुबार नसतोच.

काढलेला मेल जीमेलच्या 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस राहतो आणि मग जातो. या मुदतीत शोध घेतला तर मिळेल. कमिटीची पुढची मीटिंग पुढच्या महिन्यात असेल तर नाही.

स्वतःची प्रत

आता मुख्य काम. लक्षात घ्या, आयमॅपची नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरवरून कुणी मेल काढला की थंडरबर्ड पुढच्या वेळी जोडला जाताच तुमच्या संगणकावरूनही तो काढतो. तो बिचारा आपलं काम चोख करत असतो.

यासाठी थंडरबर्डच्या डाव्या यादीत तळाशी 'लोकल फोल्डर्स' असतात. हे कुठल्याही सर्व्हरशी जोडलेले नसतात, ते फक्त तुमच्या डिस्कवर असतात. त्यांत वर्षावार फोल्डर करा, आणि पुनर्विकासासाठी एक वेगळा. मग महत्त्वाचे मेल निवडून उजवी टिचकी मारून 'कॉपी टू' करा. 'मूव्ह टू' नव्हे! मूव्ह केलं की सर्व्हरवरची प्रत जाते आणि अध्यक्षांच्या फोनवरून मेल गायब होतो, आणि मग पुढची मीटिंग कशी जाते ते सांगायला नको. माउसनं ओढून नेलं तर एका खात्यातून दुसरीकडे नेताना कॉपी होते की मूव्ह, याचा भरवसा मनाशी धरू नका. मेनूतून शब्द वाचून करा.

हे फोल्डर डिस्कवर असतात तरी कुठे? सगळं थंडरबर्डच्या 'प्रोफाइल' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतं. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये गेलं की त्याची वाट उघडायचं बटण मिळतं. विंडोजमध्ये तो 'अॅपडेटा' नावाच्या एरवी लपलेल्या जागेत असतो. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचा बॅकअप चालू आहे असं समजून निश्चिंत होऊ नका. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या जागा बघतो, ही जागा बघत नाही. थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि अख्खा प्रोफाइल फोल्डर एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. बंद करणं आवश्यक आहे, चालू असताना कॉपी केलेल्या फायली अर्धवट असू शकतात.

आत डोकावलं तर दिसेल की प्रत्येक मेल-फोल्डरसाठी एकच मोठी फाइल असते, मेल एकाखाली एक लिहिलेले. या प्रकाराला एमबॉक्स म्हणतात. तो युनिक्सच्या काळापासूनचा आहे आणि मुळात साधा मजकूर आहे, म्हणून उद्या थंडरबर्ड राहिला नाही तरी दुसरे कितीतरी प्रोग्रॅम तो वाचू शकतात. आउटलुकच्या पीएसटी फाइलबद्दल इतक्या सहज असं म्हणता येत नाही. जुन्या कागदांची चिंता असणाऱ्यांनी हे मनात ठेवावं.

या 'एक फोल्डर, एक फाइल' पद्धतीचे दोन परिणाम मात्र विचित्र आहेत. मेल काढला तरी फाइलची लांबी लगेच कमी होत नाही, त्या मेलवर फक्त 'काढला' अशी खूण पडते. जागा खरोखर मोकळी होते ती 'कॉम्पॅक्ट' केल्यावर. थंडरबर्ड मधूनमधून ते स्वतः करतो किंवा विचारतो, तेव्हा हो म्हणा. दुसरा परिणाम जास्त गंभीर. एखाद्या मेलला विषाणू असलेली फाइल जोडून आली आणि अँटीव्हायरसला ती डिस्कवर सापडली, तर त्याच्या दृष्टीनं दोषी असते ती अख्खी इनबॉक्सची फाइल. काही अँटीव्हायरस ती सगळीच उचलून कोंडून ठेवतात. आयमॅप असेल तर मेल पुन्हा उतरतात. पॉप असेल तर सगळा इनबॉक्स गेला असं समजा. म्हणून अँटीव्हायरसला प्रोफाइल फोल्डर वगळायला सांगावं.

मराठी अक्षरं

मेलची व्यवस्था जन्मली तेव्हा तिला फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं पेलता यायची. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी माइम नावाची रीत मांडली, तिच्यामुळे जोडफायली आणि इतर लिप्या मेलमधून जाऊ लागल्या. युक्ती अशी की कुठलाही मजकूर आधी साध्या अक्षरांच्या वेषात घालायचा, पाठवायचा आणि पलीकडे वेष उतरवायचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपलं एक 'म' तीन बाइटचं असतं आणि या वेषात जाताना त्याची चार अक्षरं होतात. जोडफायलींचंही तसंच, त्या वाटेत साधारण एक तृतीयांशानं फुगतात. म्हणूनच जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी तिच्या जवळ जाणारा नकाशा जाईलच याचा भरवसा धरू नये. बराच लहान असेल तर जाईल, नाहीतर ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा.

मराठी मेल भलत्याच चिन्हांत दिसला तर दोन शक्यता असतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. पाठवणाऱ्यानं वेषाचं नाव चुकीचं सांगितलं असेल तर 'व्ह्यू' मेनूतलं 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' दाबा, बहुधा अक्षरं जागेवर येतात. पण मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर संगणकाच्या दृष्टीनं ती मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं बसवलेली आहेत. तिथे हे बटण काही करणार नाही. तो फॉन्ट तरी संगणकावर हवा किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. दिवाळी अंकाच्या संपादकांना हे सांगायची गरज नाही, त्यांचा आख्खा ऑगस्ट-सप्टेंबर यातच जातो.

अक्षरं बरोबर आहेत पण बारीक दिसतात, ही ज्येष्ठांची नेहमीची तक्रार. सेटिंगच्या फॉन्टच्या भागात 'अॅडव्हान्स्ड' उघडा, लिप्यांच्या यादीत देवनागरी निवडा आणि तिचा आकार वेगळा वाढवा. इंग्रजी आहे तेवढंच राहील.

नोटीस पाठवताना

गुरुवारी पाणी येणार नाही, ही नोटीस साठ सभासदांना पाठवायची आहे. साठ पत्ते 'टू'मध्ये लिहिले की प्रत्येकाला उरलेल्या एकोणसाठांचे पत्ते मिळतात, आणि त्यांतला कुणीतरी 'रिप्लाय ऑल' दाबून पार्किंगचं जुनं भांडण उकरून काढतो. पत्ते 'बीसीसी'मध्ये घालावेत (तिथले पत्ते एकमेकांना दिसत नाहीत) आणि 'टू'मध्ये सोसायटीचा स्वतःचा पत्ता. अॅड्रेस बुकमध्ये सभासदांची यादी एकदा केली की पुढे फक्त यादीचं नाव लिहून भागतं. साध्या जीमेल खात्याला दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, सोसायटीला ती पुरते.

मेल आपोआप फोल्डरात लावणारे नियमही करता येतात, 'मेसेज फिल्टर्स'. महानगरपालिकेचे मेल एकीकडे, महावितरणचे दुसरीकडे. फक्त हे नियम तुमच्या संगणकावर राहतात आणि थंडरबर्ड उघडा असेल तेव्हाच चालतात. तसाच नियम जीमेलच्या आत केला तर तो सर्व्हरवर दिवसरात्र चालतो. ज्या खात्यावर तिघांची नजर आहे त्याचे नियम जीमेलमध्येच करावेत, नाहीतर सेक्रेटरींचा लॅपटॉप बंद असेल तेव्हा अध्यक्षांना सगळं विस्कळीत दिसतं.

मेलमधली चित्रं थंडरबर्ड सुरुवातीला अडवून ठेवतो आणि वर एक पट्टी दाखवतो. ही अडचण नाही, सोय आहे. चित्र दूरच्या सर्व्हरवरून आणलं की पाठवणाऱ्याला कळतं की मेल कुणी, केव्हा उघडला. ओळखीच्याला परवानगी द्या, बाकीच्यांना नको. दुव्यावर टिचकी मारण्याआधी माउस नुसता त्यावर नेऊन थांबा, खाली खरा पत्ता दिसतो. बँकेच्या नावाचा मेल आणि पत्ता मात्र कुठल्या तरी अनोळखी साइटचा, हे एवढ्यानंच पकडता येतं. फोनवर ही तपासणी करणं अवघड जातं.

कमिटी बदलताना

थंडरबर्डमधले मेल डिस्कवर उघडे असतात, त्यांना स्वतंत्र कुलूप नसतं. 'प्रायमरी पासवर्ड' लावला तर जपून ठेवलेले पासवर्ड झाकले जातात, मेल नाहीत. लॅपटॉपला स्वतःचा पासवर्ड आणि डिस्कला एन्क्रिप्शन असेल तरच ते सुरक्षित. तेव्हा सोसायटीचा मेल खासगी लॅपटॉपवर किती दिवस ठेवायचा हे ठरवून घ्यावं.

नव्या सेक्रेटरींकडे कारभार देताना क्रम असा असावा. आधी प्रोफाइल फोल्डरची ताजी प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क सोसायटीच्या कपाटात ठेवा, इतिवृत्ताच्या वहीशेजारी. नव्या संगणकावर थंडरबर्ड बसवून खातं आयमॅपनं जोडा, सर्व्हरवरचं सगळं आपोआप येईल. लोकल फोल्डर्स मात्र आपोआप येत नाहीत. ते हार्ड डिस्कवरच्या प्रोफाइलमधून आणायचे, त्यासाठी 'टूल्स'मध्ये 'इम्पोर्ट' आहे. ते आलेत हे एक-दोन जुने मेल उघडून तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग जुन्या लॅपटॉपवरून खातं काढा, आणि खातं काढताना 'संदेशांचा डेटाही काढा' ही खूण विसरू नका. मग गूगलच्या पानावर पासवर्ड बदला, जुना परवाना रद्द करा, आणि पडताळणीचा नंबर नव्या सेक्रेटरींचा टाका. शेवटी त्या नंबरवर कोड येतो का, हे जुने सेक्रेटरी समोर बसलेले असतानाच एकदा करून बघा.